एकोणऐंशीवं पान

ता. लोहारा, जि. धाराशिव
८ जानेवारी २०२४

आदरणीय चारुशीलाताई यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखणार नाही. मी रामहरी. तुमच्या वडिलांचा, आण्णासाहेब गुरुजींचा तुळजापूरचा विद्यार्थी. आठवी ते दहावी त्यांच्या हाताखाली होतो. तुम्ही तेव्हा दोन वेण्या घालून शाळेच्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी केली. आता घरी आहे आणि गावात मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत छोटं वाचनालय चालवतो.

तुमचा रविवारचा विज्ञानाचा कार्यक्रम आम्ही दहाबारा जण एकाच मोबाइलवर बघतो. वर्षाच्या शेवटच्या कार्यक्रमात तुम्ही तुमची पाच आवडती पुस्तकं सांगितली. मी नावं वहीत उतरून घेतली. चार पुस्तकं लातूरला मिळाली. पाचवं, सापांवरचं, कुठंच मिळेना. दुकानदार म्हणाला, असं पुस्तक आता निघतच नाही.

तुम्ही म्हणाला होता, ज्या घरात शेत आहे त्या घरात हे पुस्तक पाहिजे. ते वाक्य मनात बसलं. माझा धाकटा भाऊ बजरंग गाव ते लोहारा अशी जीप चालवतो. शेत बघते ती त्याची बायको सिताबाई. सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि वाचनालयातलं पुस्तक सगळ्यात जास्त तीच नेते. तिनंच हे पत्र लिहायला लावलं. "दादा, ते सापाचं तेवढं मिळवा," म्हणाली.

तुमच्याकडं जादा प्रत असेल तर कळवावं. वाचून परत करीन.

आपला,
रामहरी


धाराशिव
१९ जानेवारी २०२४

प्रिय रामहरीदादा,
सप्रेम नमस्कार.

आण्णांचा विद्यार्थी म्हटल्यावर तुम्ही मला दादाच. आण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल इतक्या मायेनं लिहिलेलं पत्र बऱ्याच दिवसांनी आलं.

ते पुस्तक त्यांनी मला नवव्या वाढदिवसाला दिलं होतं. रोज संध्याकाळी दिवा लागला की एक साप वाचून दाखवायचे. मी पुढं प्राणिशास्त्र घेतलं, तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, आता मोबाइलवर लोकांशी बोलते, या सगळ्याचं मूळ ते पुस्तक आहे. बाजारात ते मिळणार नाही हे बोलण्याच्या नादात माझ्या लक्षातच आलं नाही.

म्हणून माझ्या प्रतीची पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स काढून, बांधून पाठवते आहे. परत करू नका, वाचनालयाला भेट समजा. पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्या आहेत. सिताबाईंना माझा नमस्कार सांगा. शेतात राबून वाचणारी बाई मला फार मोठी वाटते.

तुमची,
चारुशीला


ता. लोहारा
२४ मार्च २०२४

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

पुस्तक पोचून दोन महिने झाले. लवकर लिहिलं नाही, कारण ते माझ्या हातात राहीना. पहिल्या पानावर तुम्ही लिहिलंय, "यातल्या शब्दाशब्दावर विश्वास ठेवून वाचा." ते पान लोक मुद्दाम उघडून बघतात.

सिताबाईनं दोनदा वाचलं. परवा शेजारचा सोमलिंग काठी घेऊन एका सापामागं धावला, तर ही आडवी झाली. "धामण हाय ती. उंदरं खाती. कशाला मारताव?" सोमलिंग म्हणाला, तुला काय ठावं? तर म्हणे, पुस्तकात हाय. सापाला सोडून दिलं. आमच्या गावात हे पहिल्यांदा घडलं.

रविवारी मी मोठ्यानं वाचून दाखवतो. मागच्या आठवड्यात साप चावल्यावर काय करावं ते पान वाचलं. सगळ्यांनी करून बघितलं. सोमलिंगचा पाय पंच्यानं बांधला, लई हसले सगळे. त्या पानात सांगितलेल्या वस्तूंची एक पेटी मी वाचनालयात करून ठेवली आहे. सुती दोरी, नवी पाती, कापूस. सिताबाईची मुलगी अर्पिता धाराशिवला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं पेटीवर झोकदार अक्षरात नाव लिहून दिलं.

गुरुजी असते तर त्यांना दाखवलं असतं.

आपला,
रामहरी


धाराशिव
६ एप्रिल २०२४

प्रिय रामहरीदादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि येईल त्याला वाचून दाखवलं. धामणीची गोष्ट तर येत्या कार्यक्रमात सांगणार आहे. एवढी वर्षं बोलत राहिले, पण त्याचं काही उगवतं का, हे कधी दिसत नव्हतं. तुमच्या गावात दिसलं. तुमची पेटी बघून आण्णा खरंच खूश झाले असते.

शिबिरं, व्याख्यानं यांत अडकले आहे, म्हणून एवढंच. पावसाळ्याआधी एकदा येऊन जाईन म्हणते.

तुमची,
चारुशीला


ता. लोहारा
१२ ऑगस्ट २०२४

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

कळवायला वाईट वाटतं की आमची सिताबाई गेली. २४ जुलैला सोयाबीनमध्ये खुरपताना घोणस चावली. तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात तिचा प्राण गेला. मूत्रपिंड बंद पडलं होतं.

तुम्ही येणार होता, तेव्हा ती होती.

एक विचारायचं होतं. पुस्तक पाठवण्याआधी तुम्ही ते पुन्हा वाचलं होतं का? सवडीनं कळवा. बाकी काही नाही.

रामहरी


धाराशिव
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय रामहरीदादा,

बातमी वाचून सुन्न झाले. धामणीसाठी आडवी झालेली बाई सापानंच जावी, याला काय म्हणावं. बजरंगना आणि अर्पिताला माझ्यातर्फे धीर द्या.

तुम्ही तपशील लिहिला नाहीत, पण मी इतकी वर्षं हेच ऐकत आले आहे. आधी देवऋषी, मग लिंबाचा पाला, मग मंत्र, आणि सगळं हरल्यावर दवाखाना. घरात एक शहाणा माणूस असून चालत नाही. वेळेला गाव त्याचं ऐकत नाही. तुमचं तसंच झालं असणार. तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका.

रविवारचा कार्यक्रम मी सिताबाईंवर करणार आहे. त्यांचं मरण वाया जाऊ नये. पुस्तक मला पाठ आहे, पुन्हा वाचायची गरजच नव्हती.

तुमची,
चारुशीला


ता. लोहारा
८ सप्टेंबर २०२४

आदरणीय चारुशीलाताई,

तुमचा कार्यक्रम बघितला. नेहमीसारखेच दहाबारा जण होतो. बजरंगही होता. तुम्ही सिताबाईचं नाव घेतलं, तालुका सांगितला आणि म्हणालात की वाचणारी बाई होती, पण तिच्या माणसांनी तिला मांत्रिकाच्या दारात नेलं. बजरंग उठून गेला. नंतर लोहाऱ्याला जीपच्या स्टँडवर त्याला लोकांनी विचारलं, कुठल्या भगताकडं नेली होतीस रे?

आता मी तुम्हाला काय झालं ते लिहितो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुपारी दोन वाजता सिताबाई स्वतः चालत घरी आली. घाबरलेली नव्हती. म्हणाली, घोणस होती, अंगावर साखळीवानी ठिपके होते, पुस्तकातल्यावानी. बजरंग जेवायला घरी आला होता, जीप दारात उभी होती. त्यानं लगेच जीप चालू केली. म्हणाला, "दादा, बसवा तिला, निघू."

मी म्हणालो, थांब. पुस्तकात आहे ते आधी करू.

वाचनालयातून पेटी आणली. पुस्तकही आणलं. एकोणऐंशीवं पान उघडून शेजारी ठेवलं. त्यात लिहिलंय की दोरीनं पाय करकचून बांधावा, चाव्यावर नव्या पात्यानं फुलीसारखे दोन काप द्यावेत, वीस मिनिटं रक्त पिळून काढावं आणि तोवर माणसाला हलवू नये. बजरंग दोनदा म्हणाला, गाडी चालूच हाय दादा. मी त्याला गप्प केलं. मी पातं हातात घेऊन थांबलो, तर सिताबाईच म्हणाली, "करा दादा. म्या वाचलंय. तसंच हाय." आणि तिनं पाय पुढं केला.

रक्त थांबलं नाही ताई. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. बजरंगचे दोन पंचे भिजले. मग जीपमध्ये घातली. लोहाऱ्याला पोचेपर्यंत पाय काळा पडला होता. तिथं इंजेक्शन दिलं आणि पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी कापलं? बजरंगनं अभिमानानं सांगितलं, "आमच्या दादानं. मास्तर हायेत." डॉक्टर त्याला काही बोलले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, घोणशीच्या विषानं रक्त गोठतच नाही. त्यावर पातं चालवायचं नसतं, दोरी बांधायची नसते. हे बंद होऊन किती वर्षं झाली. तुम्ही तर शिकलेले."

बजरंग सगळ्यांना सांगतो, दादानं लई केलं, नशीबच खोटं. रोज माझ्या पुढ्यात ताट ठेवतो. मला घास गिळवत नाही.

मी कुठल्या भगताकडं गेलो नाही. मी तुमच्याकडं आलो होतो.

रामहरी


धाराशिव
२७ सप्टेंबर २०२४

रामहरीदादा,

तुमचं पत्र आल्या दिवशी मी आण्णांचं पुस्तक कपाटातून काढलं. पान एकोणऐंशी. तुम्ही लिहिलंय तसंच आहे, शब्द न् शब्द. पुस्तक माझ्या जन्माच्याही आधीचं आहे. तेव्हा डॉक्टरही हेच सांगत. नंतर ते चूक ठरलं, आणि हे मला माहीत आहे. कॉलेजच्या शिबिरांत मी स्वतः मुलांना सांगत आले की बांधू नका, कापू नका, पाय हलू देऊ नका आणि तडक दवाखाना गाठा. माझ्या तोंडात एक होतं आणि मी तुम्हाला पाठवलं दुसरं.

याआधी मी तुम्हाला एक उत्तर लिहिलं होतं आणि फाडलं. त्यात होतं की पुस्तक जुनं आहे हे पहिल्या पानावर छापलेलं आहे, की शिकलेल्या माणसानं चार ठिकाणी विचारावं. टपालात टाकायला निघाले आणि तुमचं मार्चमधलं पत्र शोधून पुन्हा वाचलं. दोरी, पाती, कापूस. तुम्ही मला चार महिने आधी सगळं सांगितलं होतं. मी ते तीनदा वाचलं आणि माझं कौतुक तेवढं वेचून घेतलं.

पुस्तक पाठ आहे असं लिहिलं, तेही खोटं. मला साप पाठ आहेत, त्यांची चित्रं पाठ आहेत, आण्णांचा आवाज आठवतो. चाळीस वर्षांत मी ते उघडलं नव्हतं. झेरॉक्सवाल्यानं पानं उलटली, मी नाही.

तो कार्यक्रम मी काढून टाकला आहे. काल नवा केला. त्यात मांत्रिक नव्हता हे सांगितलं, चूक माझी होती हे सांगितलं. लोक वाट्टेल ते लिहीत आहेत, लिहू देत.

एक विनंती करते. ती करायचा मला हक्क नाही. बजरंग आता माझा कार्यक्रम बघणार नाहीत; त्यांना पान एकोणऐंशी चुकीचं होतं हे सांगू नका. कार्यक्रमात मी पुस्तक म्हटलं, तुमचं नाव घेतलं नाही. त्यांना दैवावर टाकू द्या. खरं कळून ती परत येणार नाही, आणि तुम्हीही त्यांना दुरावाल.

चारुशीला


ता. लोहारा
२० ऑक्टोबर २०२४

आदरणीय ताई,

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी सांगून टाकलं होतं. आधी आलं असतं तरी सांगितलंच असतं.

सकाळी तो जीप धूत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं बोललो. डॉक्टरांचंही. त्यानं बादली खाली ठेवली. मला वाटलं अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "म्या गाडी चालू ठिवली हुती, दादा." एवढंच. नंतर जीप घेऊन गेला.

तेव्हापासून बोलणं बंद आहे. माझं ताट आता अर्पिता आणून ठेवते. ती सुट्टीला आली आहे. वाचनालयाला मी कुलूप लावलंय. तुमचं पुस्तक फाडलेलं नाही. त्या पानावर तांबड्या शाईनं फुली मारली आहे, आणि तुमच्या त्या दोन ओळींवरही.

बजरंगनं अर्पिताच्या तोंडून निरोप दिला आहे. त्या बाईला एकदा इकडं येऊ दे. मला एक इचारायचंय. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

रामहरी


ता. लोहारा
२९ जुलै २०२५

चारुशीला मॅडम,

मी अर्पिता, सिताबाईंची मुलगी. हे पत्र लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. तात्यांना, म्हणजे रामहरी मास्तरांना, आता लिहवत नाही.

तुम्ही नोव्हेंबरात आला होता, त्या दिवशी मी दारात उभी होते. तुम्ही माफी मागायला तोंड उघडलंत आणि बाबांनी हातानंच थांबवलं. त्यांनी तुम्हाला एकच विचारलं, "तडक नेली असती तर वाचली असती का?" तात्या भिंतीला टेकून बसले होते. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. सांगता येत नाही म्हणा. तुम्ही बाबांकडं बघितलंत. मग म्हणालात, "खात्रीनं सांगता येत नाही. पण तासाभरात इंजेक्शन मिळालेली बहुतेक माणसं वाचतात." बाबा म्हणाले, "म्हंजी वाचली असती." तुम्ही म्हणालात, "बहुतेक."

तुम्ही खोटं बोलला नाहीत. तरी त्या दिवसानंतर मी तुमच्यावर जास्त चिडले. आधी बाबा रडायचे, तुम्ही गेल्यावर रडायचेही थांबले. मी परीक्षा देऊन घरी परत आले ती इथंच राहिले. दोघांचा स्वयंपाक एकाच चुलीवर करते आणि दोन खोल्यांत वाढते. तात्या आईच्या वाटणीचं शेत बघतात, खुरपतात, तिच्याच जागेवर बसून. त्यांचं वय सदुसष्ट आहे.

एप्रिलमध्ये बाबांनी मला तुमचा तो नवा कार्यक्रम लावायला सांगितला. मग रोज लावायला लावला. त्यात तुम्ही काय करायचं ते सांगितलंय, ते त्यांनी म्हणून म्हणून पाठ केलं. मला वाटलं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

मागच्या शनिवारी सोमलिंगकाकांना बांधावर घोणस चावली. ओरडा ऐकून बाबांनी जीप काढली. कुणीतरी दोरी घेऊन धावलं, तर बाबांनी ती हिसकून फेकून दिली. सोमलिंगकाकांना मागं निजवलं. तात्या रस्त्याच्या कडेला उभे होते. पुढं यायचं धाडस त्यांना होत नव्हतं. बाबांनी त्यांना बोलावलं नाही. पण निघालेही नाहीत. गाडी चालू ठेवून पुढं बघत बसले. तेव्हा तात्या कसेबसे मागं चढले, खाली बसले आणि सोमलिंगकाकांचा पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवला, हलू नये म्हणून. मी पुढं बसले होते.  सबंध रस्ताभर सोमलिंगकाका विचारत होते, मास्तर, जगतो ना मी? तात्या नुसती मान हलवत होते.

दवाखान्यात लगेच इंजेक्शन मिळालं. दोन दिवस तिथंच थांबलो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. काल सोमलिंगकाकांना घरी सोडलं. पायाला सूज आहे, पण चालतात.

काल त्यांना त्यांच्या दारात उतरवून आमच्या घरी आलो. तात्या मागं तसेच बसून होते. बाबांनी मागं न वळता म्हटलं, "उतरा दादा. घर आलं." नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

तात्या उतरले. मीही उतरले. बाबा उतरले नाहीत. इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मी हाक मारली, ऐकलं नाही. मग म्हणाले, "शनिवारी दवाखाना गाठायला अडतीस मिनिटं लागली."

 तात्या दार धरून उभे होते, मी पायरीवर. आई गेली त्या दिवशी जीप याच जागी उभी होती. बाबा बराच वेळ तसेच बसून होते, आणि आम्ही दोघं उन्हात उभे होतो.

सोमलिंगकाका वाचले, हे तुम्हाला कळायला हवं होतं. बाकीचंही कळायला हवं, म्हणून सगळं लिहिलं.

अर्पिता